कागद कोणाच्या कार्डावर उडतात?

२०१० सालचा पावसाळा. पुण्यात कर्वेनगरमध्ये आम्ही चौघांनी मिळून भाड्यानं घेतलेला फ्लॅट. आतल्या खोलीत दोन टेबलं, त्यावर दोन पीसी. एक माझा, एक माझ्या रूम पार्टनरचा. दोन्हींवर एकच गेम चालू होता: 'बॅटमॅन: अर्खम असायलम'. बॅटमॅन एका ऑफिससारख्या खोलीत शिरला. पार्टनरच्या स्क्रीनवर जमिनीभर कागद पसरलेले होते. बॅटमॅन त्यातून चालत गेला की कागद उडायचे, गिरक्या घेत पुन्हा खाली यायचे. माझ्या स्क्रीनवर तीच खोली, तोच बॅटमॅन, पण जमीन झाडून-पुसून लख्ख. माझ्याकडे कागद उडत नव्हते असं नाही, कागदच नव्हते.

"तुझ्या कार्डात फिजिक्स नाहीये रे," पार्टनर म्हणाला.

त्यानं ते चिडवण्यासाठी म्हटलं नव्हतं. तरी लागलं. सुट्टीत अकरावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन मी पैसे जमवले होते आणि मुंबईला लॅमिंग्टन रोडवर दिवसभर दुकानं पालथी घालून ते कार्ड घेतलं होतं. त्याचं एनव्हिडियाचं जीफोर्स, माझं एटीआयचं रेडिऑन. बाकीचे गेम्स दोघांकडे सारखेच पळायचे. मग कागदांचं काय? न्यूटनचे नियम ब्रँड बघून लागू होतात का?

पंधरा वर्षांनी हाच प्रश्न माझ्या भाच्यानं नाशिकहून व्हॉट्सॲपवर विचारला. बारावी झाल्यावर त्याला पीसी घेऊन मिळणार होता. "मामा, गेममध्ये फिजिक्स भारी हवं असेल तर कुठल्या कंपनीचं कार्ड घेऊ?"

याचं छोटं उत्तर असं आहे, की जवळजवळ सगळ्या गेम्समध्ये त्यानं काहीच फरक पडत नाही. पण एक काळ असा होता, की खरंच फरक पडायचा. तो का पडायचा, हे समजायला थोडा इतिहास बघावा लागतो.

खोका कोण पाडतं?

आधी गेममधलं फिजिक्स म्हणजे काय ते बघू. तुम्ही गेममध्ये एक खोका ढकलता. तो टेबलाच्या कडेवरून पडतो, जमिनीवर आपटतो, कोपऱ्यावर क्षणभर तोलतो आणि आडवा होतो. हे कोणी आधी चित्र काढून ठेवलेलं नसतं. सेकंदाला तीस, साठ किंवा त्याहून जास्त वेळा कॉम्प्युटर हिशोब करत असतो. खोक्याचा वेग किती, तो कशाला टेकतोय का, टेकत असेल तर उलट कुठे ढकलला जाईल. या हिशोबातून खोक्याची नवी जागा ठरते. मग ग्राफिक्स कार्ड त्या जागी खोका रंगवतं. एक काम वस्तू कुठे आहे ते ठरवण्याचं, दुसरं ती दाखवण्याचं. पहिलं काम पहिल्यापासून सीपीयूचं. त्यात ग्राफिक्स कार्डाचा ब्रँड येतच नाही.

हे काम नीट करणं मात्र अवघड होतं. १९९८मध्ये ड्रीमवर्क्स इंटरॅक्टिव्हनं 'ट्रेसपासर' नावाचा गेम काढला. ज्युरासिक पार्कचं बेट, डायनोसॉर, आणि हातानं उचलता येईल, रचता येईल अशी प्रत्येक वस्तू. कल्पना काळाच्या पुढची होती आणि तेव्हाच्या कॉम्प्युटरना ती पेलली नाही. गेम आपटला. त्यामागचा शेमस ब्लॅकली पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन एक्सबॉक्स घडवणाऱ्यांपैकी एक झाला.

त्याच वर्षी डब्लिनमध्ये ट्रिनिटी कॉलेजच्या ह्यू रेनॉल्ड्स आणि स्टीव्हन कॉलिन्स यांनी हॅवॉक ही कंपनी सुरू केली. प्रत्येक गेम कंपनीनं गुरुत्वाकर्षण नव्यानं का लिहायचं? आम्ही एकदाच चांगलं लिहितो, तुम्ही विकत घ्या, असा त्यांचा धंदा. २००४च्या नोव्हेंबरात 'हाफ-लाइफ २' आला आणि या धंद्याचं सोनं झालं. त्यातली ग्रॅव्हिटी गन हातात आली, की समोरचा ड्रम, करवतीचं पातं, रेडिएटर, काहीही उचलून शत्रूवर भिरकावता यायचं. एका ठिकाणी फळीच्या एका टोकावर दगडी ठोकळे रचून दुसरं टोक वर करायचं आणि त्यावरून चढून जायचं. गेमनं कोडं घातलं होतं आणि उत्तर शाळेतल्या तरफेच्या धड्यात होतं.

इथली एक गंमत लक्षात ठेवा. हा गेम यायच्या वर्षभर आधीपासून एटीआय आपल्या महागड्या कार्डाच्या खोक्यात त्याचं कूपन देत होती. जाहिरात एटीआयची, पण आत हॅवॉकचा हिशोब चालायचा तो सीपीयूवर. एनव्हिडियाचं कार्ड असलेल्याची फळीही तितकीच वर व्हायची.

तिसरं कार्ड

याच सुमारास कॅलिफोर्नियात एजिया नावाची एक छोटी कंपनी वेगळा विचार करत होती. २००२मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचे प्रमुख आणि सहसंस्थापक होते मंजू हेगडे. त्यांचा विचार सरळ होता. नव्वदच्या दशकात चित्रं रंगवायचं काम सीपीयूकडून काढून घेतलं गेलं आणि ग्राफिक्स कार्ड जन्माला आलं. मग फिजिक्ससाठीही वेगळी चिप का नको? सीपीयू, जीपीयू, आणि तिसरं पीपीयू.

त्यांनी आधी सॉफ्टवेअर गोळा केलं. २००४मध्ये झुरिकची नोव्होडेक्स विकत घेतली, २००५मध्ये स्वीडनची मेकॉन. मेकॉनच्या संस्थापकांपैकी एकाचं नाव डेनिस गुस्ताफसन. हे नाव शेवटी परत येणार आहे.

मे २००६मध्ये एजियाचं फिजएक्स कार्ड दुकानात आलं. साडेबारा कोटी ट्रान्झिस्टर, १२८ एमबी मेमरी, किंमत तीनशे डॉलरच्या आसपास. तेव्हाच्या दरानं साडेतेरा हजार रुपये, तेही आयातकर धरायच्या आधी. आणि हे सगळं ग्राफिक्स कार्ड वेगळं घेतल्यावर.

पहिला मोठा गेम होता 'घोस्ट रिकॉन ॲडव्हान्स्ड वॉरफायटर'. हे कार्ड लावलं, की स्फोटात जास्त ढिगारा उडायचा. परीक्षकांनी मोजून पाहिलं तर कार्ड लावल्यावर गेमचा वेग वाढायच्या ऐवजी कमी झाला. कारण साधं होतं. हिशोब एजियाच्या चिपनं केला, पण ते जास्तीचे तुकडे रंगवायचे कोणी? त्याच बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डानं. घरात पाहुणे वाढवायचे आणि पोळ्या लाटणारी एकच, तसला प्रकार.

मग 'सेलफॅक्टर' नावाचा नमुना गेम आला. हा खास एजियाच्या कार्डाची ताकद दाखवायला बनवलेला होता. उचापती लोकांनी शोधून काढलं, की एक सेटिंग बदललं तर तो कार्डाशिवायही चालतो. कापड आणि पातळ पदार्थ तेवढे दिसत नाहीत, बाकी खोक्यांचे ढीगच्या ढीग सीपीयू निभावून नेतो. एजियाची अडचण आणखी वाढली. कार्ड थोड्यांकडे म्हणून गेम्स थोडे, आणि गेम्स थोडे म्हणून कार्ड कोणी घेईना.

दरम्यान आणखी एक वाट उघडत होती, आणि माझ्या मते या गोष्टीतला खरा फाटा इथे आहे. हॅवॉकनं 'हॅवॉक एफएक्स' नावाचं तंत्र जाहीर केलं होतं. फिजिक्सचा काही भाग ग्राफिक्स कार्डावरच चालवायचा, आणि तोही एनव्हिडिया आणि एटीआय दोन्हींच्या कार्डांवर. ते आलं असतं तर कर्वेनगरच्या त्या खोलीत दोन्ही स्क्रीनवर कागद उडाले असते. पण सप्टेंबर २००७मध्ये इंटेलनं हॅवॉक विकत घेतली. इंटेलचा धंदा सीपीयू विकण्याचा. हॅवॉक एफएक्स बाजारात आलंच नाही.

कागद आणि भिंती

फेब्रुवारी २००८मध्ये एनव्हिडियानं एजिया विकत घेत असल्याचं जाहीर केलं. त्यांना एजियाची चिप नको होती, सॉफ्टवेअर हवं होतं. २००६च्या अखेरीस आलेल्या जीफोर्स ८ मालिकेपासून त्यांच्या कार्डांवर चित्रांखेरीज इतर गणितंही करता यायला लागली होती. त्या पद्धतीचं नाव कुडा. फिजएक्स कुडावर चढवलं गेलं आणि ऑगस्ट २००८मध्ये ड्रायव्हर आला. जगभरातल्या लाखो जीफोर्सवाल्यांच्या घरी एका डाउनलोडमध्ये फिजिक्स कार्ड अवतरलं. फुकट. रेडिऑनवाल्यांना काही नाही.

जानेवारी २००९मध्ये 'मिरर्स एज' पीसीवर आला. हेलिकॉप्टरमधून गोळ्या सुटायच्या आणि प्लास्टिकचे पडदे फाटून लोंबायचे, काचांचे तुकडे जमिनीवर पसरायचे. सप्टेंबरात बॅटमॅन आला. कागद, कोळिष्टकं, पायाशी घोळणारं धुकं.

आता प्रश्न असा, की एवढी ताकद हाताशी असून कागदच का? भिंती का नाहीत?

पहिलं कारण कन्सोल. हे गेम्स पीसीइतकेच एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३साठी बनत होते. एक्सबॉक्स ३६०मधली ग्राफिक्स चिप एटीआयची. प्लेस्टेशन ३मधली एनव्हिडियाची, पण कुडाच्या आधीच्या पिढीची. जो गेम या दोन्हींवर चालायला हवा, त्यातली महत्त्वाची कुठलीही गोष्ट फक्त जीफोर्सवर होणाऱ्या हिशोबावर टांगता येत नाही.

दुसरं कारण चिपच्या कामाच्या पद्धतीतलं. भिंत पडली, तर ते गेमला कळायला हवं. शत्रू त्याखाली दबला का, नवी वाट उघडली का, हे सगळं सीपीयू ठरवतो. म्हणजे ग्राफिक्स कार्डावरचा हिशोब परत सीपीयूकडे यायला हवा. साठ फ्रेमच्या गेममध्ये एका फ्रेमला मिळतात जेमतेम सतरा मिलिसेकंद. त्यात ही जा-ये परवडत नाही. कागदाचं तसं नाही. तो कुठे पडला याच्याशी बॅटमॅनला काही देणंघेणं नसतं. ग्राफिक्स कार्डानं हिशोब करावा, तिथल्या तिथे रंगवावा, विसरून जावं.

म्हणून ग्राफिक्स कार्डावरचं फिजिक्स म्हणजे काढून घेतलं तरी गेमला खरचटणार नाही असं फिजिक्स. धूर, कागद, काचेचा चुरा.

आणि उरलेलं? शत्रू लाथ खाऊन ज्या पद्धतीनं कोलमडतो ते? बॅटमॅन ज्या अनरिअल इंजिन ३वर बनला, त्यात खालचं सगळं फिजिक्स फिजएक्सचंच होतं आणि ते सीपीयूवर चालायचं. माझ्याही मशीनवर. पार्टनरचं वाक्य निम्मं बरोबर होतं. माझ्या कार्डात ते नव्हतं, पण माझ्या गेममध्ये होतं, आणि त्याच कंपनीचं होतं.

ज्या महिन्यात बॅटमॅन पीसीवर आला, त्याच महिन्यात 'रेड फॅक्शन: गरिला' हाही पीसीवर आला. मंगळावरची वसाहत, तुमच्या हातात घण. कुठलीही इमारत पाडायची. खांब तोडत गेलं, की वरच्या मजल्याचा भार उरलेल्या खांबांवर यायचा आणि एका क्षणी अख्खा सांगाडा करकरत खाली बसायचा. यात फिजिक्स हॅवॉकचं, चालायचं सीपीयूवर, जीफोर्स-रेडिऑन सारखेच. मी तो गेम वर्षभरानं खेळलो आणि पार्टनरला बोलावून दाखवला. एका पुलाचे आधार घणानं फोडले. पूल कोसळला.

"तुझ्या कार्डात फिजिक्स आलं की रे," तो म्हणाला.

कुलूप

इथवरचा फरक समजून घेता येतो. एनव्हिडियानं कंपनी विकत घेतली, कोड स्वतःच्या कार्डांसाठी नव्यानं बसवला, गेम बनवणाऱ्यांकडे आपले इंजिनिअर पाठवले. प्रतिस्पर्ध्याच्या कार्डावर ते चालवून द्यायची सक्ती त्यांच्यावर कोण करणार?

पुढची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेव्हा काही लोक एकाच पीसीत दोन कार्डं लावायचे. मोठं रेडिऑन चित्रं रंगवायला आणि एक स्वस्त जीफोर्स फक्त फिजएक्ससाठी. तांत्रिकदृष्ट्या हे चालत होतं. २००९च्या उन्हाळ्यात आलेल्या १८६ क्रमांकाच्या ड्रायव्हर मालिकेपासून ते बंद झालं. मशीनमध्ये दुसऱ्या कंपनीचं कार्ड चित्रं रंगवताना दिसलं, की जीफोर्सवरचं फिजएक्स थांबायचं. कंपनीनं कारणं दिली: विकासाचा खर्च, चाचण्यांचा व्याप आणि काही व्यावसायिक कारणं. पहिल्या दोन कारणांत तथ्य आहे. प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक ड्रायव्हरसोबत आपलं तंत्र तपासत बसणं सोपं नसतं. पण "आम्ही याची हमी देत नाही" असं सांगणं वेगळं आणि कडी लावून घेणं वेगळं. त्या माणसानं जीफोर्सचेही पैसे मोजलेले होते. लवकरच हौशी प्रोग्रामरांनी कडी काढणारे पॅच बनवले, आणि ते लावल्यावर बऱ्याच जणांचं पूर्वीसारखं चालायलाही लागलं. म्हणजे अडचण चिपची नव्हती.

दुसरा प्रश्न सीपीयूचा. रेडिऑनवाल्याला मिरर्स एजमध्ये ते जादा फिजिक्स जबरदस्तीनं चालू करता यायचं. मग हिशोब सीपीयूवर यायचा आणि काच फुटली की गेमचा स्लाइडशो व्हायचा. यावरून लोक म्हणायचे, बघा, सीपीयूची लायकीच नाही. जुलै २०१०मध्ये डेव्हिड कँटर या चिप-विश्लेषकानं हा दावा तपासला. सीपीयूवर चालताना फिजएक्स नेमक्या कुठल्या सूचना वापरतं, ते त्यानं मोजलं. बहुतांश एक्स८७ निघाल्या.

एक्स८७ हा घराणं १९८०च्या ८०८७ या गणिती चिपपर्यंत मागे जाणारा संच आहे. एका वेळी एक आकडा उचला, गणित करा, ठेवा. १९९९च्या पेंटियम ३पासून एसएसई हा नवा संच उपलब्ध होता, ज्यात चार आकड्यांवर एकदम क्रिया करता येते. फिजिक्समध्ये तर सगळा मामला असाच असतो, एकच क्रिया पुष्कळ आकड्यांवर. त्यातून त्यानं तपासलेल्या नमुन्यांत फिजएक्सचं बहुतेक काम एकाच थ्रेडवर चाललं होतं. चार कोअरच्या सीपीयूत तीन कोअर मांडी घालून बसलेले.

हे मुद्दाम केलं होतं का? एनव्हिडियाचं म्हणणं असं, की कोड एजियाच्या काळापासूनचा आहे, थ्रेड वाटायची सोय गेम बनवणाऱ्यांच्या हातात आहे, आणि सुधारणा चालू आहेत. सुधारणा आल्याही. त्याच वर्षीच्या आवृत्तीत एसएसई आपोआप चालू झालं आणि २०११च्या तिसऱ्या आवृत्तीत कोड बराचसा नव्यानं लिहून अनेक कोअरमध्ये काम वाटायची सोय आली. मला यात कटापेक्षा आळस जास्त दिसतो. पण आळस कुठे परवडतो, हेही बघायला हवं. आपलं कार्ड जितकं वेगवान दिसेल तितकं बरं, असा ज्याचा धंदा आहे, त्याला सीपीयूवरचा मंद कोड दुरुस्त करायची घाई कशाला असेल?

माझ्या आणि पार्टनरच्या स्क्रीनमधला फरक या सगळ्यातून आला होता. दोन विक्रीव्यवहार, एक ड्रायव्हर आणि वर्षानुवर्षं न हललेला कोड.

फरक पडतो तिथे

ब्रँडचा फरक कधीच पडत नाही, असंही म्हणता येणार नाही. केसांचं उदाहरण घ्या. २०१३च्या 'टूम रेडर'मध्ये लाराच्या केसांसाठी एएमडीचं ट्रेसएफएक्स आलं. ते दोन्ही ब्रँडवर चालत होतं, पण सुरुवातीला जीफोर्सवर धडपडत, मग दुरुस्त्या आल्या. २०१५च्या 'विचर ३'मध्ये एनव्हिडियाचं हेअरवर्क्स आलं आणि पारडं उलटं फिरलं. एकेका केसाचे इतके बारीक तुकडे पाडले जायचे, की रेडिऑन दमून जायचं. रेडिऑनवाल्यांनी ड्रायव्हरमध्ये जाऊन ते तुकडे कमी केले. वेग बराचसा परत आला आणि गेराल्टच्या केसांत फरक शोधायला भिंग लागलं असतं.

कधी कधी ब्रँडपेक्षा वेगच घात करतो. २०११च्या 'स्कायरिम'मध्ये हॅवॉकचा हिशोब साठ फ्रेम धरून बसवलेला होता. कार्ड फार वेगवान असेल आणि मर्यादा उठवली असेल, तर सुरुवातीचीच घोडागाडी रस्ता सोडून नाचायला लागायची. कुठल्याही कंपनीचं कार्ड चालेल, फक्त गरजेपेक्षा चांगलं हवं.

२०१५नंतर फक्त जीफोर्सवर उडणाऱ्या कागदांचे गेम्स विरळ होत गेले. तोवर प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन दोन्हींत एएमडीची चिप होती. मोठ्या गेमचा निम्म्याहून जास्त बाजार जिथे आहे तिथे जे चालत नाही, त्यावर मेहनत कोण घेणार? डिसेंबर २०१८मध्ये एनव्हिडियानं फिजएक्सचा कोड मुक्त केला. ग्राफिक्स कार्डावरच्या फिजिक्सला खरं काम सापडलं ते वेगळ्याच ठिकाणी. आज तेच फिजएक्स हजारो आभासी रोबोंना एकाच वेळी चालायला शिकवतं. तिथे सगळा हिशोब ग्राफिक्स कार्डावरच राहतो, सीपीयूकडे सारखं परत यावं लागत नाही. गेममध्ये जी अडचण होती, ती तिथे उरलीच नाही.

मग २०२५ उजाडलं. एनव्हिडियाची आरटीएक्स ५० मालिका आली आणि फेब्रुवारीत लोकांच्या लक्षात आलं, की या कार्डांवर ३२-बिट कुडाचा आधार काढून टाकलेला आहे. जुने फिजएक्सवाले गेम्स बहुतेक ३२-बिटच. म्हणजे मिरर्स एजच्या काचा, 'बॉर्डरलँड्स २'चे पाण्याचे पाट, बॅटमॅनचे कागद, सगळ्यांचा हिशोब परत सीपीयूवर. त्या वेळचं सगळ्यात महागडं जीफोर्स लावूनही. काही लोकांनी त्याच्या शेजारी दहा-दहा वर्षं जुनी छोटी जीफोर्स कार्डं बसवली, फक्त फिजएक्ससाठी. २००९मध्ये रेडिऑनवाले करायचे, अगदी तसंच.

बोंब झाली. एप्रिलमध्ये ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या फिजएक्सचाही कोड मुक्त झाला आणि डिसेंबरच्या ड्रायव्हरमध्ये काही निवडक जुन्या गेम्ससाठी आधार परत आला. निवडक, म्हणजे यादीत ज्यांचं नाव आहे ते. पार्टनरच्या खोलीतले कागद इतकी वर्षं एका कंपनीच्या मर्जीवर उडत होते, हे तेव्हा त्याला जाणवलं नव्हतं आणि मलाही नाही. मला वाटायचं त्याच्याकडे काहीतरी जास्तीचं आहे. रेड फॅक्शनमधला पूल मात्र मधल्या काळात कुठल्याही ड्रायव्हरनं थांबवला नाही.

तुमच्या खिशातलं

तुम्ही हे बहुधा फोनवर वाचताय. त्यात एखादा थ्रीडी गेम असेल तर तो युनिटी इंजिनवर बनलेला असायची शक्यता बरीच आहे. युनिटीत थ्रीडी वस्तूंसाठी मुळात मिळणारं फिजिक्स कोणाचं, माहितीये? फिजएक्सचं. झुरिकच्या नोव्होडेक्सपासून चालत आलेला तोच वंश. ते तुमच्या फोनच्या सीपीयूवर चालतं आणि शेजारी ग्राफिक्स चिप कुठल्या कंपनीची आहे हे विचारतही नाही.

फोनमध्ये क्वालकॉमची चिप असेल, तर त्या ग्राफिक्स चिपचं नाव ॲड्रिनो. रेडिऑन या नावातली इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की ॲड्रिनो होतं. हा योगायोग नाही. एटीआय विकत घेतलेल्या एएमडीनं आपला मोबाइल ग्राफिक्सचा विभाग २००९च्या जानेवारीत क्वालकॉमला विकला, त्यातून हे घराणं वाढलं. पीसीवर एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे तुमच्या खिशात गुपचूप एकत्र काम करत असतात.

भाच्याला मी एवढं सगळं लिहिलं नाही. लिहिलं ते असं: "फिजिक्ससाठी ब्रँड बघू नकोस. किंमत बघ, मेमरी बघ, नाशिकमध्ये सर्व्हिस कोण देतं ते बघ. फिजिक्सच हवं असेल तर थोडे पैसे वाचवून सीपीयू बरा घे. २००८ ते २०१५मधले ते ठरावीक जुने गेम्स खेळायचे असतील तरच मला परत विचार."

त्यानं परत विचारलं नाही. जे बजेटमध्ये बसलं ते कार्ड घेतलं. मी त्याला एक गेम भेट दिला, 'टेअरडाउन'. यात जग बारीक बारीक ठोकळ्यांचं आहे आणि जवळजवळ सगळं फोडता येतं. फिजिक्स सीपीयूवर, दोन्ही ब्रँडवर सारखं. तो बनवणारा माणूस म्हणजे डेनिस गुस्ताफसन. मेकॉनचा तोच संस्थापक, ज्याची कंपनी २००५मध्ये एजियानं घेतली होती.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं स्क्रीनशॉट पाठवला. दुमजली घराच्या खालच्या भिंती त्यानं घणानं पाडून टाकल्या होत्या आणि वरचा अख्खा मजला एका कोपऱ्यातल्या विटेएवढ्या तुकड्यावर निवांत उभा होता. टेअरडाउन भाराचा हिशोब करत नाही. शेवटचा ठोकळा तुटेपर्यंत घर हवेत राहतं.

"मामा, हे कसलं फिजिक्स?" त्यानं लिहिलं.

मी लिहिलं, "चुकीचं. पण दोन्ही कार्डांवर अगदी सारखं चुकीचं."